दिवा नसताना दाबलेलं बटण

१

दवाखान्यातली अंधारी खोली गेली सत्तावीस वर्षं माझ्या ताब्यात आहे. चार चटया अंथरल्या की संपेल एवढीशी जागा, खिडकी नाही, दाराला जाड काळा पडदा. आत एक यंत्र. त्याचं तोंड मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारखं आहे. आमच्या गावात दुसरी उपमा कुणाला सुचतही नाही, कारण जपानातल्या मिनोच्या या डोंगरांत निम्मं गाव भाताचे वाडगे करण्यातच जन्म घालवतं. पेशंटने त्या वाडग्यात तोंड घालायचं, हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा आणि मधल्या पिवळ्या ठिपक्याकडे बघत राहायचं. आजूबाजूला कुठेतरी बारीकसा दिवा लागतो. दिसला की हातातलं बटण दाबायचं, नाही दिसला तर गप्प बसायचं. एवढं सोपं काम, पण आमच्या म्हाताऱ्यांना ते जमेल तर शपथ.

कारण आमचे म्हातारे सभ्य. फार म्हणजे फारच सभ्य. "बाई एवढी आपल्यासाठी अंधारात बसलीय, आणि आपण एकदाही बटण दाबू नये? बरं दिसतं का ते?" म्हणून दाबतात. दिवा नसला तरी दाबतात. यंत्रही बेरकी. मधूनच ते नुसता खटका वाजवतं, दिवा लावतच नाही, आणि तेव्हा कुणी दाबलं की कागदावर बरोबर नोंद करतं. अशा नोंदी वाढल्या की मी कागदाच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने लिहिते, "भरवशाचा नाही." मग डॉक्टर कुमाझाकी तो कागद बाजूला ठेवतात आणि स्वतःच्या अंदाजाने चालतात.

माझे बाबा, त्सुनेओ, वय एक्याऐंशी, दर तीन महिन्यांनी याच खोलीत माझ्याच समोर येऊन बसायचे. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांना काचबिंदू सांगितला. डोळ्यांचा दाब अगदी सरळ होता, पण आमच्याकडे त्याचं नवल कुणाला नाही. दाब सरळ असलेला काचबिंदू इथे इतका आहे, की फ्रीजमध्ये लोणच्याशेजारी थेंबांची बाटली नाही असं घर शोधावं लागेल. डॉक्टर डोळ्यात बघतात, नस जरा खोलगट दिसते, दाब ठीक असतो, की झालं. थेंब घाला, तीन महिन्यांनी या.

गेल्या वर्षी चेरीचा बहर सरत आला होता तेव्हा बाबांनी पहिल्यांदा दिवा नसताना बटण दाबलं. मला हसू आलं. आपले बाबाही त्यातलेच, म्हटलं. एक गोष्ट मात्र खटकली, आणि मी ती झटकूनही टाकली. बाकीचे म्हातारे घाईघाईने, कधीही दाबतात. बाबा तसं करत नव्हते. ते थांबायचे, हनुवटी टेकवलेल्या जागी मान अगदी किंचित झुकवायचे, आणि मग दाबायचे. घरात कुणी पाहुणा येऊन बसला की आमच्याकडे मान झुकवतात, तेवढीच.

मी कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं, "भरवशाचा नाही."

२

घरात आम्ही दोघंच. मी लग्न केलं नाही. का, ते विचारणारी एकच बाई होती, आणि ती तीन वर्षांपूर्वी गेली. माझी आई, फुमी. ती गेली तेव्हा भर दुपारचे साडेबारा वाजले होते. मी अंधाऱ्या खोलीत एका आजोबांना "पिवळ्या ठिपक्याकडे बघा हं" म्हणत होते आणि माझा फोन कपाटात वाजत होता. मी पोचले तेव्हा सगळं आवरून झालं होतं. त्यावर मी कुणाशी बोलत नाही. बाबांशीही नाही, आणि तेही कधी बोलले नाहीत.

बाबांचं काम वाडग्यांवर निळी रेघ मारण्याचं. चाकावर वाडगा फिरतो आणि हातातला कुंचला स्थिर धरायचा. कुंचला हलला की वाडगा वाया. साठ वर्षं त्यांनी हेच केलं, आणि एक्याऐंशीव्या वर्षीही त्यांची रेघ केसभर हलत नव्हती. म्हणून त्यांच्या डोळ्यांना काही झालंय हे कुणाला पटायचं नाही. दवाखान्यातल्या तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ ते धडाधड वाचून दाखवायचे, वर "छपाई फिकट झालीय तुमची" म्हणून मलाच सुनवायचे.

पण घरात त्यांचे खांदे निळे पडायला लागले. कधी डावा, कधी उजवा.

"बाबा, दाराची चौकट दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसते की. चौकटच सरकली."

"साठ वर्षांची चौकट आज सरकली?"

"मग मी सरकलो असेन. किरकिर नको करू सातो. काचबिंदू आहे ना मला? तुमच्याच डॉक्टरांनी दिलाय."

सातो म्हणजे मी, सातोए. काचबिंदूत कडेचं दिसेनासं होतं, हे मीच त्यांना सांगितलं होतं.

एकदा सकाळी मी स्वयंपाकघरात मिसोचं सार ढवळत होते. बाबा घरातल्या बोळातून येत होते. मध्येच ते थांबले, उजवीकडच्या भिंतीला अंग चोरून उभे राहिले, आणि डावीकडे बघत न बघत हळूच म्हणाले, "जपून हं. फरशी ओली आहे."

"कुणाला म्हणालात?"

"तुला."

"मी इथे आहे. गॅसपाशी."

"मग मांजराला."

"आपल्याकडे मांजर नाही, बाबा."

"मग तर जास्तच जपायला हवं," ते म्हणाले आणि येऊन जेवायला बसले. मी हसले खरी, पण बोळातल्या त्या रिकाम्या जागेवरून पाणी न्यायला जाताना मीही भिंतीला अंग चोरलं. आपण हे का केलं, असं मनात आल्यावर स्वतःचाच राग आला.

३

ऑक्टोबरच्या तपासणीला मी ठरवूनच बसले होते. बाबांचा डावा डोळा. यंत्र सुरू झालं. पंख्याची घरघर, खटका, बटण, खटका, बटण. मग यंत्राने नुसता खटका वाजवला. दिवा नव्हता. बाबांनी मान झुकवली आणि बटण दाबलं.

मी यंत्र थांबवलं. "बाबा, आत्ता दिवा लागला होता?"

"नाही."

"मग दाबलंत का?"

"हालचाल झाली."

"कसली?"

वाडग्यात तोंड घातलेल्या माणसाचा चेहरा मला दिसत नाही, वाडग्याच्या मागे बसल्यावर फक्त डोक्याचा वरचा भाग दिसतो. पांढरे, बारीक कापलेले केस. मीच कापते ते.

"बाबा?"

"तू म्हणालीस कडेला काही दिसलं की दाब. मग दाबलं. कडेला तुझी आई बसली आहे."

पण मी शिकलेली बाई आहे. नजरेत जिथे भोक पडतं तिथे मेंदू स्वतःची चित्रं काढून जागा भरतो, हे पुस्तकात आहे. त्या प्रश्नाला मला पूर्ण गुण पडले होते. माणसं दिसतात, फुलं दिसतात, कुणाला भिंतीवर नक्षी दिसते. वेड नव्हे ते. मी हे सगळं बाबांना समजावून सांगितलं, अगदी आवाज न कापता.

"असेल," बाबा म्हणाले. "तू शिकलेली आहेस."

"कधीपासून दिसते?"

"वसंतापासून. घरी कधीमधी. इथे मात्र नेहमी."

"काय करते?"

"काय करणार? बसते. गुडघे मोडून, नीट. तुमच्या दवाखान्यातल्या त्या हिरव्या सपाता घालून."

आमच्या दवाखान्यात बूट दारात काढून सपाता घालतात. पूर्वी त्या तपकिरी होत्या. हिरव्या आणल्या त्याला दीड वर्षही झालं नव्हतं. आईने त्या कधी पाहिल्या नव्हत्या. पण बाबांनी पाहिल्या होत्या ना? दर तीन महिन्यांनी तेच तर घालून येत होते. मेंदू आपल्याच कपाटातले कपडे चित्राला चढवतो, दुसरं काय? मला हायसं वाटलं. मी "चला, उजवा डोळा" म्हटलं आणि यंत्राकडे वळले. तेव्हा बाबांच्या डावीकडे, पडद्याजवळ, जमिनीवर सपाता ओढल्याचा आवाज आला. एकदाच, हलका, बसलेलं माणूस पाय बदलतं तसा.

"कोण आहे?" मी विचारलं. बाहेर नर्स असेल, म्हणून पडदा सारून पाहिलं. नर्स समोरच्या टेबलापाशी उभी राहून फोनवर बोलत होती, आणि तिचे पाय तिथेच होते.

मी आत आले. कागद निघाला. कोपऱ्यात लिहिलं, "भरवशाचा नाही." तो त्या वर्षातला तिसरा.

४

जानेवारीतला चौथा कागदही तसाच निघाला. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी बाबांना थांबवून घेतलं आणि कोपऱ्यातल्या जुन्या यंत्रावरचं कापड काढलं.

हे हाताने चालवायचं यंत्र. हल्ली ते अपंगत्वाच्या कागदांसाठीच निघतं. वाडगा तसाच, पण दिवा आपण हाताने दांडीने सरकवायचा, कडेकडून आत आणायचा, आणि पेशंटने "दिसला" म्हणून बटण दाबलं की त्या जागी रंगीत पेन्सिलीने खूण करायची. खुणा जोडल्या की नजरेचा नकाशा तयार होतो. तपासणारी वाडग्याच्या मागे बसते. वाडग्याच्या मध्यावर एक बारीक नळी असते. तिला डोळा लावला की समोरच्या माणसाचा डोळा मोठा होऊन दिसतो. तो इकडेतिकडे पळत नाही ना, हे बघायचं असतं. या यंत्रापुढे सभ्यता चालत नाही. कोण उगाच दाबतंय ते हाताला कळतं.

"भूक लागलीय," बाबा म्हणाले.

"डब्यात तळलेली कोंबडी आहे. आधी हे."

डावा डोळा घेतला. मी दिवा उजवीकडून आणला. लांब असतानाच बाबांनी दाबलं. वरून आणला, खालून आणला, ठीक होतं. मग डावीकडून आणायला लागले. कडेला, नाही. आणखी आत, नाही. आणखी आत. माझा हात मधल्या ठिपक्याला टेकायला आला तेव्हा बटण वाजलं. पुन्हा वरच्या डावीकडून: मधल्या रेघेवर. खालच्या डावीकडून: मधल्या रेघेवर. मी पेन्सिलीने खुणा जोडल्या. वरून खालपर्यंत सरळ उभी रेघ, बाबांच्या कुंचल्याने मारल्यासारखी.

उजवा डोळा. तिथे उजवी बाजू नाही. तीच रेघ.

काचबिंदू कसा खातो ते मी सत्तावीस वर्षं बघतेय. उंदरासारखा कुरतडतो, नाकाच्या बाजूने, वरून, खालून, वाकडातिकडा. बरोबर मधल्या रेघेवर येऊन थांबण्याची शिस्त त्याच्यात नाही. दोन्ही डोळ्यांची बाहेरची बाजू अशी रेघेवर कापलेली असली, की दुखणं डोळ्यांत नसतंच. डोळ्यांच्या मागे, जिथे दोन्ही नसा एकमेकींना ओलांडतात, तिथे गाठ वाढत असते आणि ती नसांना दाबते. हे पहिल्या वर्षाची मुलगीसुद्धा सांगेल. आणि मी, बाबांची स्वतःची मुलगी, वर्षभरात चार कागदांवर लाल पेन्सिलीने लिहून मोकळी झाले होते. लोक माझ्यासाठी बटण दाबतात म्हणून हसत होते.

डोळा हलत नव्हता ना, एवढी खात्री करावी, म्हणून मी नळीला डोळा लावला. अजूनही वाटत होतं, आपलंच चुकलं असेल.

बाबांचा डोळा मोठा, ओला, स्थिर. बुबुळावर नेहमीप्रमाणे वाडग्याचा पांढरा गोल पडलेला. तो गोल मी हजारो डोळ्यांत पाहिलाय. त्यात कधी काही नसतं. त्या दिवशी त्याच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढी एक बाई गुडघे मोडून बसलेली होती.

चेहरा कळत नव्हता. दाण्याएवढ्या बाईचा चेहरा कुठून कळणार? पण खांद्यांची ठेवण मला माहीत होती. तिने हात वर केला. तळवा जमिनीकडे, आणि चारही बोटं आत मिटली, उघडली, आत मिटली. आमच्याकडे माणसाला असंच बोलावतात. हाकलायचं असलं तर हाताची पाठ पुढे करून बोटं बाहेर झटकतात. तिने बाहेर झटकली नाहीत.

मी उठून वाडग्याच्या वरून पलीकडे पाहिलं. पांढरा रिकामा वाडगा, आणि त्यात बाबांचं तोंड.

"झालं का?" बाबा म्हणाले. "कोंबडी गार होईल."

५

मोठ्या हॉस्पिटलात एमआरआय झाला. मेंदूच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी पडद्यावर गाठ दाखवली. उमेबोशीएवढी, म्हणजे जेवणात भातावर ठेवतो त्या खारवलेल्या आलुबुखारएवढी, पांढरी आणि गोल. साधी दिसत होती, पसरणारी नव्हे. नाकातून जाऊन काढता येईल, त्या म्हणाल्या. वय बघता धोका आहे, पण हृदय चांगलं आहे. लवकर काढली तर गेलेली नजर बरीचशी परत येऊ शकते.

"आणि नाही काढली तर?" मी विचारलं.

"या गतीने वाढली तर उन्हाळ्यापर्यंत दोन्ही डोळे जातील. मधलं दिसणंही. आणि मग नुसते डोळेच नाहीत."

डॉक्टर कुमाझाकी आमच्या घरी आले होते. दारात उभे राहून कमरेत वाकले आणि वाकलेलेच राहिले. नस खोलगट होती त्याहून फिकट जास्त होती, आणि ते आपण काचबिंदूच्या खात्यात घालून मोकळे झालो, असं म्हणाले. बाबांनी त्यांना आत ओढलं, चहा दिला. "अहो, सगळ्या गावाला तेच असतं, मग मलाही तेच असणार असं मीही धरलं," असं म्हणून उलट त्यांचीच समजूत काढली. मीही वाकले होते त्यांच्याशेजारी. माझ्याकडे मात्र बाबांनी बघितलं नाही.

डॉक्टर गेल्यावर ते म्हणाले, "ऑपरेशन नको."

"काय?"

"नको म्हणजे नको. एक्याऐंशी झाली. पुरेत."

"बाबा, आंधळे व्हाल! ऐकलंत ना त्या काय म्हणाल्या? रेघ मारता येणार नाही. भातातला काटा दिसणार नाही. बोळातून चालता येणार नाही."

"तू आहेस की."

"मी दिवसभर कामावर असते!"

"ती आहे."

मी हातातली किटली खाली ठेवली. बाबा डावीकडे वळले नाहीत; नुसते कान टवकारल्यासारखे बसले होते.

"गाठ काढली की ती जाईल," ते म्हणाले. "तूच म्हणालीस ना, भोक आहे म्हणून चित्र आहे. भोक बुजलं की संपलं. माणूस येऊन बसलंय घरात, सातो. त्याला उठ म्हणायचं तरी कसं?"

मला रडू आलं. रागाने आलं, आणि भीतीने, आणि कुठेतरी हेव्यानेही आलं. तीन वर्षं मी रोज सकाळी देव्हाऱ्यातल्या फोटोपुढे भाताचा पहिला वाडगा ठेवते, आणि मला ती दाण्याएवढी दिसली तीही दुसऱ्याच्या डोळ्यात.

६

तीन दिवस मी हात जोडले, भांडले, अबोला धरला. कशाचाच उपयोग झाला नाही. बाबा वाडगे रंगवत राहिले. एक वाडगा ठेवताना त्यांचा हात कडेच्या फळीवर आपटला आणि रंगवून ठेवलेले अकरा वाडगे खाली आले. ते जमिनीवर बसून चाचपडत तुकडे गोळा करायला लागले. समोरचा तुकडा त्यांना दिसत होता, गुडघ्याशेजारचा दिसत नव्हता. बोट कापलं. तेव्हा मी ठरवलं, खोटं बोलायचं.

बोटाला पट्टी बांधता बांधता म्हटलं, "बाबा, मीही तिला पाहिलं."

बोट माझ्या हातात होतं. ते गार पडत गेलं, खरंच सांगते.

"काय म्हणालीस?"

"आईला. त्या दिवशी, जुन्या यंत्राच्या नळीतून. तुमच्या डोळ्यात."

"तुला दिसली?"

"हो."

"नक्की तुला? मी सांगितलं म्हणून नव्हे?"

"नाही बाबा. बसली होती. आणि हाताने खूण करत होती." इथपर्यंत खरं होतं. मग मी हाताची पाठ पुढे केली आणि बोटं बाहेर झटकली. "अशी. जा, जा म्हणत होती. हॉस्पिटलात जा, माझ्यासाठी अडून बसू नका, असंच म्हणत असणार."

बाबा माझ्या हाताकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा असा उतरलेला मी आई गेली त्या दिवशीही पाहिला नव्हता.

"कुणाकडे बघून?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याकडे, आणखी कुणाकडे?"

"माझ्याकडे," ते म्हणाले. "असं." मग ते उठले, डावा खांदा चौकटीवर आपटत बोळात गेले, आणि फोन घेऊन आले. "लाव त्या डॉक्टरीणबाईंना. त्यांना म्हणावं लवकरातली लवकरची तारीख द्या."

"उद्या लावते. आता त्यांची—"

"आत्ता लाव, सातो!"

बाबा माझ्यावर आयुष्यात दोनदाच ओरडले असतील. मी फोन लावला. मनात म्हटलं, जमलं. खोटं तर खोटं, पण डोळे वाचले. आईची मनातल्या मनात माफी मागितली. तिने नवऱ्याला प्रेमाने बोलावलं होतं आणि मी तिच्या तोंडी "चालते व्हा" घातलं होतं.

ऑपरेशनपर्यंतचे बारा दिवस बाबा विचित्र वागले. मला एकटीला अंधाऱ्या खोलीत जाऊ नको म्हणायचे. "रजा घे," म्हणायचे. घरात मी त्यांच्या डावीकडे बसले की उठून मला समोर बसवायचे. घाबरलेत बिचारे ऑपरेशनला, असं मला वाटलं आणि मी त्यांचे सगळे लाड पुरवले.

७

ऑपरेशन चांगलं झालं. महिनाभर वास गेला होता, त्यामुळे माझ्या मिसोला नावं ठेवायची सोय राहिली नाही. पण नजर यायला लागली. पहिल्या आठवड्यात खिडकीची कड आली, मग शेजारच्या पलंगावरचे आजोबा आले. एप्रिलमध्ये मी त्यांना पुन्हा यंत्रापुढे बसवलं. खटका, बटण, खटका, बटण. यंत्राने तीनदा नुसता खटका वाजवला, आणि तिन्ही वेळा बाबा गप्प बसले. कागद जवळजवळ स्वच्छ निघाला. मी तो डॉक्टर कुमाझाकींना दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिले.

त्या दुपारी घरी बाबा चाकापाशी बसले होते. दार उघडं होतं, बाहेर शेजाऱ्यांच्या गाद्या उन्हात टाकलेल्या होत्या. वाडगा फिरत होता. मी त्यांच्या डावीकडे चहा ठेवला आणि त्यांनी न वळता तो बरोबर उचलला. माझा बांध फुटला.

"बाबा, मी खोटं बोलले तुमच्याशी."

"कधी?"

"आई 'जा' म्हणत नव्हती. ती 'ये' म्हणत होती. तुम्हाला बोलावत होती. तुम्ही ऑपरेशनला हो म्हणावं म्हणून मी खूण उलटी सांगितली. मला माफ करा."

बाबांनी वाडग्यावरून कुंचला उचलला नाही. रेघ पुरी केली, दोन्ही टोकं जुळवली, वाडगा उतरवून फळीवर ठेवला. मग चाक थांबवलं.

"माहीत होतं मला," ते म्हणाले.

"माहीत होतं?"

"वर्षभर तीच खूण बघत होतो मी. वसंतापासून. दरवेळी तीच." त्यांनी तळवा खाली करून बोटं मिटली. "ये, ये."

"मग तुम्ही ऐकलंत का माझं? तुम्हाला तर तिच्याजवळ राहायचं होतं!"

"सातो, ती माझ्याकडे बघत नव्हती." बाबांनी हात पुसले, एकेक बोट. "घरी भिंतीकडे बघायची, जिच्या पलीकडे तू असायचीस. दवाखान्यात त्या पांढऱ्या वाडग्याकडे. त्याच्या मागे कोण बसतं? मला वाटायचं, बसू दे. तुला ती दिसत नाही ना, मग काय बिघडतंय? बिचारी बोलावते नि दमते. मीही मान झुकवून म्हणायचो, राहू दे गं, तिला काम आहे. आणि मग तू म्हणालीस, मला दिसली."

बाहेर कुणीतरी गादी बडवायला लागलं. मला ते आवाज मोजावेसे वाटले, म्हणजे दुसरं काही ऐकायला नको.

"म्हणून ऑपरेशन," मी म्हटलं.

"दुसरं काय करणार होतो मी? ती ज्या दारातून बघत होती ते माझ्या डोक्यात होतं. ते बंद करून घेतलं. भूल देणारी मुलगी म्हणाली, दहापर्यंत मोजा. मी मोजलंच नाही. मी तिला म्हटलं, फुमी, मी येतो. पण एकटाच येतो."

"आणि ती?"

"वळली माझ्याकडे. वर्षभरात पहिल्यांदा."

"रागावली होती?"

बाबांनी नवा कोरा वाडगा चाकावर ठेवला, मधोमध आहे का ते दोनदा फिरवून पाहिलं.

"खूप," ते म्हणाले. "ते माझं मी बघेन. तू सावकाश ये."